लोंढ्याचा वेल्डिंगवाला

आज थोडं लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा.

खानापूर तालुक्याच्या आमच्या पश्चिम अंगाला, म्हणजे लोंढा, जांबोटी, कणकुंबी या घाटमाथ्याच्या गावांत, "वेल्डर कुठं मिळेल?" असं पूर्वी कुणी विचारत नसे. विचारायचे, "वेल्डिंग शिकून आलेला कोण हाय काय गा इकडं?" त्यातलं 'शिकून आलेला' महत्त्वाचं. सुतारकी, लोहारकी, कुंभारकी ही गावातलीच कसबं. बापाकडून मुलाकडं यायची. वेल्डिंगचं तसं नव्हतं. ते बाहेरून आलं, आणि कुणाच्या तरी नोकरीबरोबर आलं. त्यामुळे डोंगरातल्या गावात वेल्डिंगवाला शोधायचा म्हणजे आधी कुणाचा मुलगा कुठं नोकरीला होता ते आठवायला लागायचं.

वेल्डिंगच्या आधी लोखंड सांधलं जात नव्हतं असं नाही. आमच्या गावच्या लोहारमामांचं छप्पर वेशीच्या आत, पिंपळाखाली. जमिनीत गाडलेल्या लाकडाच्या ठोकळ्यावर ऐरण, बाजूला कातड्याचा भाता, अंगारकोळसा. दोन तुकडे सांधायचे झाले तर दोन्ही भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवायचे, वर चिमूटभर बारीक वाळू टाकायची, ठिणग्या उडायला लागल्या की बाहेर काढून एकावर एक ठेवायचे आणि मामीनं घण घालायचा. होय, घण मामीच घालायच्या. मामा सांडशी धरून लहान हातोडीनं जागा दाखवायचे, त्याच जागी मामींचा घण पडायचा. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची ती याच रीतीनं सांधलेली. शेण्यांच्या जाळात ती लाल करायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. आकसून अशी घट्ट बसायची की चाक झिजेल पण धाव हलणार नाही. फाळ शेवटून देणं, म्हणजे झिजलेलं टोक तापवून, ठोकून परत लांब करणं, हे रोजचं काम. पैशाचा संबंध नाही. सुगीला भात घालायचं, झालं.

या सगळ्याला खीळ बसली ती बिडामुळं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. घडीव लोखंड तापवलं की मऊ होतं, ठोकून वळतं. बीड तसं नाही. त्यात कार्बन जास्त. तापवून घण घातला तर ते वळत नाही, भुगा होऊन पडतं. कितीही मोठा लोहार असला तरी मोडलेल्या बिडापुढं त्याचे हात टेकले.

आणि बीड आमच्याकडं आलं ते बेळगावातूनच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान बेळगावातलं, 1888 सालचं. पुढं तिथंच कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो नांगर घेईनात आणि पहिली खेप खपायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. 1910 साली किर्लोस्कर औंध संस्थानात गेले, किर्लोस्करवाडी झाली. पण बिडाची अवजारं काही परत गेली नाहीत. नांगर आले, पाण्याचे रहाट आले, उसाचे चरक आले. लाकडी चरक सुतार दुरुस्त करायचा. बिडाचा चरक मोडला की लोहार म्हणायचा सुताराला विचार, सुतार म्हणायचा लोहाराला विचार.

आता वेल्डिंग कुठून आलं ते.

पहिली वाट रेल्वेची. लोंढा हे जुनं जंक्शन. इथून एक फाटा कॅसलरॉकवरून गोव्यात उतरतो. तो घाट 37 फुटाला 1 फूट चढाचा, मागून जादा इंजिन लावल्याशिवाय गाडी वर येत नसे. 1961 पर्यंत पलीकडं पोर्तुगिजांचं राज्य, कॅसलरॉक म्हणजे सरहद्दीचं स्टेशन. आमच्याकडची कितीतरी माणसं खलाशी म्हणून रेल्वेत लागली. त्यातली काही हुबळीच्या वर्कशॉपात गेली आणि तिथं वाघिणींची डागडुजी करता करता गॅस आणि मग इलेक्ट्रिक वेल्डिंग शिकली.

दुसरी वाट फौजेची. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे घरटी एक फौजी ही आमच्याकडची रीतच. पण सगळे काही बंदूक घेऊन नव्हते. 1943 साली ईएमई म्हणजे फौजेचा दुरुस्ती विभाग उभा राहिला. त्यात गेलेली माणसं पेन्शनीत आली ती हातात कसब घेऊन.

तिसरी वाट सुपा धरणाची. काळी नदीवरचं 101 मीटर उंचीचं हे धरण आमच्या हद्दीला लागूनच. पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं रामनगरला येऊन वसली, त्यांच्यात मराठी-कोकणी बोलणारी घरं भरपूर. धरण आणि वीजघराच्या कामावर आमच्या भागातली पोरंही हेल्पर म्हणून लागली होती. डोंगरावरून वीजघरात पाणी सोडायचे नळ एवढे मोठे की आत माणूस उभा राहील. त्यांच्या सांध्यांचा एक्स-रे काढायचे, आत पोकळी दिसली तर पुन्हा खोदून भरायला लावायचे. एक्स-रे माणसाचा काढतात एवढंच आम्हाला माहीत! गावात येऊन पोरं हे सांगायची तेव्हा म्हातारी माणसं हसायची.

चौथी वाट गोव्याची, तिच्याकडं नंतर येतो.

वेल्डिंग आलं तरी गावात टिकायला करंट हवा. त्या वेळचं मशीन म्हणजे तेलात बुडवलेल्या तांब्याच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर, चार माणसांनी उचलायचा. तो दोन फेजवर चाले. त्यानं रॉड टेकवला की गल्लीतले बल्ब मिणमिणायचे आणि बायका दारातून ओरडायच्या. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की रॉड पेटायच्या ऐवजी चिकटून बसायचा. पलीकडच्या खोऱ्यात एवढी वीज तयार होतेय आणि आमच्याकडं रॉड चिकटतोय, हा विनोद लोंढ्यात रोज व्हायचा.

पावसाचा त्रास वेगळाच. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, कणकुंबीला तर आभाळच फाटतं. रॉडवरचं जे पांढुरकं लेपण असतं ते दमट झालं की सांध्यात बुडबुडे राहतात, वरून छान दिसतो आणि आतून भोकाभोकाचा. म्हणून जाणते वेल्डिंगवाले जून ते सप्टेंबर रॉड चुलीशेजारी पत्र्याच्या डब्यात ठेवत. लोंढ्याचे काका तर डब्यात साठचा बल्ब पेटता ठेवायचे. रॉड कुठं ठेवलेत हे बघून माणूस किती पाण्यात आहे ते कळायचं.

या लोंढ्याच्या काकांचीच गोष्ट सांगायची होती.

आमचं घर खानापूरच्या अलीकडं, मलप्रभेच्या काठाला. तिथं थोडा ऊस असायचा आणि आमचं स्वतःचं लहानसं गुऱ्हाळ होतं. चरक आजोबांनी घेतलेला, तीन लाटांचा, बैलावर चालणारा. मधल्या लाटेला घरात नवरा म्हणायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऐन हंगामात वरची बिडाची चौकट, जिच्यात लाटांची टोकं फिरतात, तिला तडा गेला. वीतभर. चरक थांबला. तीन गाड्या ऊस तोडून अंगणात पडलेला आणि आमच्यामागं शेजारच्या चौघांचा नंबर. तोडलेला ऊस दोन दिवसांत गाळला नाही तर रस आंबूस होतो, गूळ बसत नाही, काकवीच होऊन राहते. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज गुळावरच फिटायचं होतं. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी मी खानापुरात. पहिला वेल्डिंगवाला गेट-खिडक्या करणारा. तडा बघितला, हातोडीनं टणकन वाजवून बघितला आणि म्हणाला, "बीड हाय हे. मी हात लावत नाही. लावलो तर मोडून सोडीन." मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज वाटतं, भला माणूस. दुसऱ्यानं साध्या रॉडनं करून देतो म्हणून हातच धरला. बरोबर लोहारमामा होते, त्यांनी मला डोळ्यानं खुणावून बाहेर काढलं. बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत विचारलं. ते म्हणाले नवीन ओतून देऊ, पण आधी लाकडाचा साचा करायला लागेल, तीन आठवडे. तीन आठवड्यांनी ऊस आणि कर्ज दोन्ही कुठं असणार!

परत येताना मामा म्हणाले, "लोंढ्याला एक हाय. हुबळी वर्कशॉपातनं रिटायर झालेला. आमच्या साडूच्या गावचा."

दुसऱ्या दिवशी चौकट खोलून पोत्यात गुंडाळली आणि खानापूर स्टेशनवर पॅसेंजरच्या गार्डाच्या डब्यात चढवली. लोंढ्यात उतरून काकांचं घर विचारायला लागलंच नाही. पोतं बघूनच हमालानं रस्ता दाखवला, "वेल्डिंगला न्हवं काय? चाळीच्या मागं, फणसाखाली."

काका बारीक अंगाचे, डोळे कायम पाणावलेले. वेल्डिंगचा उजेड डोळ्यात गेला की रात्री वाळू भरल्यासारखी आग होते, मग डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं. काकांनी आयुष्यात किती चकत्या ठेवल्या असतील कोण जाणे. त्यांनी तडा पाहिला, रॉकेलनं पुसला, वर खडूची पूड भुरभुरली. तेल खडूत ओढलं जाऊन तड्याची खरी लांबी दिसायला लागली. आम्हाला दिसत होती त्याहून दोन बोटं जास्तच! मग त्यांनी तड्याच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक पाडलं. "तडा चालत असतोय," म्हणाले, "आधी त्याला थांबवायला पायजे." नंतर तड्याच्या रेषेवर छिन्नीनं आणि कानशीनं नांगराच्या तासासारखी खोबण पाडली. यातच दुपार गेली.

बिडाला निकेलचा रॉड लागतो. महाग, म्हणून नगावर मिळायचा. मला त्याच दुपारी बसनं बेळगावला पिटाळलं आणि सहा रॉड आणायला लावले. एकेका रॉडची किंमत ऐकून मी दुकानदाराला दोनदा विचारलं होतं.

काकांनी एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट त्यांच्याकडं नव्हती. चौकट सगळीकडून सारखी तापलेली हवी, नाहीतर एका जागी रॉडचा ताव बसतो, बाकीचं गार राहतं आणि सांध्याच्या शेजारी नवा तडा जातो. वर्कशॉपात त्याला भट्टी होती. इथं फणसाखाली काय? तेव्हा लोहारमामा उठले. अंगणात खड्डा खणला, विटा रचल्या, कोळसा पेटवला आणि चौकट त्यावर आडवी ठेवून तास-दीड तास हलक्या हातानं पंखा फिरवत बसले. मामांना बीड कधी सांधता आलं नव्हतं, पण आग कशी राखायची ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मधेमधे पाण्याचा थेंब टाकून तडतड ऐकायचे आणि कोळसा इकडचा तिकडं सरकवायचे. काका बाजूला बिडी ओढत नुसते बघत होते. एकदाच म्हणाले, "आमच्या फोरमनला पण एवढं जमत नव्हतं बघ."

रात्री साडेदहाला व्होल्टेज चढलं. काकांनी काळी काच डोळ्यांपुढं धरली. एका वेळी इंचभरच भरायचं, लगेच लहान हातोडीनं टकटक ठोकायचं, मग त्याच्या शेजारी न भरता लांब दुसऱ्या टोकाला इंचभर. ठोकल्यानं गार होताना आवळणारं लोखंड सैल पडतं, असं त्यांनी समजावलं. मामा म्हणाले, "म्हंजे धाव चढवताना आवळायला पायजे, हितं आवळायला नको." काकांनी मान डोलावली. पाच रॉड लागले. एक वाचला तो त्यांनी मला परत दिला.

मग चौकट गरम राखेत आणि भाताच्या तुसात गाडून टाकली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडायची नाही म्हणून बजावलं. रात्रभर आम्ही दोघं फणसाखाली पडून. मामांना झोप नव्हती. पहाटे गोव्याकडं जाणाऱ्या गाडीचा आवाज झाला तेव्हा म्हणाले, "मी पोराला हेच शिकवाय पायजे होतं काय की." मी काही बोललो नाही. त्यांचा मुलगा तेव्हा पुण्यात हॉटेलात कामाला होता.

दुपारी राख झाडून काकांनी चौकट हातोडीनं वाजवली. खानापुरात वाजली होती तशी टणक फुटकी नाही, घंटेसारखी भरीव. काकांनी मजुरी घेतली ती रॉडाच्या हिशोबानं. लहान गावात वेल्डिंगवाल्याचा हिशोब असाच, किती रॉड जळले त्यावर. मामांनी लोंढ्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, सुगीला त्यांचं नेहमीचं भात गेलं. वडिलांनी त्यात दोन पायली जास्त घातल्या आणि त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. एकाच दुरुस्तीचे दोन हिशोब, एक रॉडावर, एक पायलीवर. आज मागं वळून बघतो तर आमच्या गावात बलुतं संपायच्या आधीचा तो बहुतेक शेवटचा हंगाम असावा. गूळ थोडा काळपट झाला त्या वर्षी, पण सोसायटी फिटली. चरक पुढं बारा-तेरा वर्षं त्याच चौकटीवर चालला. ऊस कारखान्याला जायला लागला तेव्हा बंद झाला, मोडला म्हणून नव्हे.

नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. चाळीतली जुनी माणसं पांगली, काकाही गेले. त्यांच्या हाताखाली रामनगरचा एक मुलगा होता. तो गोव्यात बार्जच्या यार्डात लागला. ही ती चौथी वाट. खनिज वाहून नेणारी बार्जं मांडवी-झुआरीतून मुरगावला जायची, त्यांच्या तळाचे पत्रे खाऱ्या पाण्यानं खाल्ले जायचे आणि यार्डात आमच्याकडची शेकडो पोरं आडवी पडून डोक्यावरचं वेल्डिंग करायची. ठिणगी कॉलरमधून आत गेली तरी हात हलवायचा नाही. खनिजाच्या भरभराटीत खानापूर, जोयडा, चंदगडच्या कितीतरी घरांवर स्लॅब पडले ते या पैशावर.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या. नंतर थोड्या चालू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये परत थांबल्या. बार्जं नांगरून पडली आणि पोरं घरी आली. त्याच सुमाराला इन्व्हर्टरची मशीनं स्वस्त झाली होती. चार माणसांनी उचलायचा ट्रान्सफॉर्मर गेला, पिशवीत घालून मोटारसायकलवर न्यायचं मशीन आलं, घरच्या एका फेजवर चालणारं. त्यामुळे आज जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत रात्री घाटातून येताना खोऱ्यात दोन-तीन ठिकाणी निळा उजेड लुकलुकताना दिसतो. पत्र्याची शेडं, ट्रॉल्या, गेटं, गोठ्याच्या खिडक्या. पाट्या काही कानडीत, काही मराठीत, काही दोन्हींत. कानडीत सांध्याला बेसुगे म्हणतात, पण दुकानात बोलतात ते 'टाका मार'. टाका हा शब्द आमच्या शिवणकामातलाच.

पण बीड घेऊन गेलात तर यातले बहुतेक जण नाहीच म्हणतील, आणि म्हणतात तेच बरं. ट्रकचा तुटलेला पाटा घेऊन आलेल्या ड्रायव्हरलाही चांगला वेल्डिंगवाला परत पाठवतो. पाट्याचं लोखंड सांध्याशेजारी काचेसारखं ठिसूळ होतं आणि चोर्ल्याच्या वळणावर दगा देतं. रामनगरचा तो काकांचा चेला आता लोंढ्यातच परत आलाय, वय पन्नाशीच्या पुढं. बीड करतो. गेल्या वर्षी एका भातगिरणीची चौकट त्याच्याकडं नेली होती तेव्हा पाहिलं, खडूची पूड, टोकांची भोकं, इंचाइंचाचं भरणं, सगळं तेच. फक्त तापवायला त्यानं गॅसची शेगडी ठेवलीय. राख आणि तूस मात्र तसंच. तूस कुठून आणतो विचारलं तर म्हणाला, गिरणीवालाच घेऊन येतोय की, त्याच्याकडं ढीग असतोय.

अळणावर, रामनगर, कॅसलरॉक, नंदगड भागातली मंडळी इथं असतील तर आपापल्या गावातला पहिला वेल्डिंगवाला कुठून शिकून आला होता तेवढं लिहा. रेल्वे, फौज, धरण की गोवा? आमच्या घरच्या माहितीत सुपा धरणावरची माणसं सगळ्यात कमी आहेत, त्यांची मुलं वाचत असतील तर जरूर लिहा.